जॅझच्या जुन्या एलपी, नवी प्रेसिंग: नेमकी कुठली घ्यावी?

देवगडकर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा टर्नटेबल आलाय, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' आणि सनी रोलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस' या तीन एलपी घ्यायच्यात, पण एकेकीच्या इतक्या आवृत्त्या दिसतात आणि किमतींत इतकी तफावत आहे की डोकं चालेनासं झालंय. फरक खरोखर असतो की नुसती हवा? तुम्हाला कुणीतरी '१८० ग्रॅमचीच घ्या' असंही सांगितलंय. मी रत्नागिरीत बसून बरीच वर्षं हाच उद्योग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फरक असतो आणि चांगला असतो. पण तो वजनात नसतो. जड तबकडी हाताला बरी लागते, सपाट राहायला थोडी मदत होत असेल, बस्स. आवाज खोबणीत काय कापलंय त्यावर ठरतो. कव्हरवरचा '१८० ग्रॅम ऑडिओफाइल' हा स्टिकर म्हणजे पेटीवरचा 'देवगड हापूस' शिक्का. आत खरंच काय भरलंय ते शिक्क्यावरून कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

विचारायचं ते असं: लॅकर, म्हणजे जिच्यावरून पुढे साचे बनतात ती पहिली तबकडी, कशावरून कापलं, मूळ टेपवरून, टेपच्या कॉपीवरून की चक्क सीडीवरून? कापलं कोणी? आणि तबकडी कुठल्या कारखान्यात दाबली? यातलं बरंचसं तबकडीवरच लिहिलेलं असतं. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर, म्हणजे रनआउटवर, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. तिथे बारीक कोरलेली अक्षरं दिसतील. 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असा ठसा असेल तर ती कापणी रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची. 'केपीजी' दिसलं तर केव्हिन ग्रे, 'आरकेएस' म्हणजे रायन स्मिथ, 'बीजी' म्हणजे बर्नी ग्रंडमन. ऐंशीच्या दशकातल्या 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' या पुनर्मुद्रण मालिकेच्या प्रतींवर बऱ्याचदा 'जीएच' सापडतं, तो जॉर्ज हॉर्न. या मंडळींची अक्षरं दिसली की निदान काम जबाबदारीने झालंय एवढं कळतं. काहीच नाव नाही, नुसता छापील आकडा आहे, तर जरा सावध.

सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या बहुतेक प्रती युरोपातल्या आहेत. तिकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षांचा होता. पुढे तो ७० वर्षांचा झाला, पण जे आधीच मुक्त झालं होतं ते परत हक्कात गेलं नाही. त्यामुळे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं काहीही तिथे कुणीही छापतो, आणि ते कायदेशीर असतं. (आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची आहे.) हक्क मुक्त झाला म्हणून टेप हातात येत नाही, ती कंपनीच्या तिजोरीतच राहते. मग हे लोक कापतात कशावरून? बहुधा सीडीवरून. म्हणजे तुम्ही सीडीच ऐकणार, वर तबकडीची खरखर फुकट. त्यापेक्षा सरळ सीडी घ्या, स्वस्त पडेल.

आता 'ब्लू ट्रेन'. १५ सप्टेंबर १९५७ ला व्हॅन गेल्डरने ते न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित केलं. पुढे १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, तोवर ब्लू नोट या जॅझ कंपनीचे बहुतेक अल्बम त्या दिवाणखान्यातच झाले, आणि दिवसा हा गृहस्थ डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा! २०२२ मध्ये ब्लू नोटने टोन पोएट मालिकेत याच्या दोन आवृत्त्या काढल्या: एक मोनो (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज), एकाच तबकडीची, आणि दुसरी स्टिरिओ, जादा टेक (त्याच रचना वाजवल्याच्या इतर खेपा) घातलेली दोन तबकड्यांची. माझं मत विचाराल तर मोनो घ्या. स्टिरिओ एलपी बाजारात यायच्या आधीचा तो काळ. व्हॅन गेल्डर एकाच स्पीकरवर ऐकून आवाज जुळवायचा, त्यामुळे त्याच्या त्या वेळच्या स्टिरिओत वाद्यं दोन टोकांना पांगलेली वाटतात. पहिल्या ट्रॅकची सुरुवात घ्या. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, ली मॉर्गनचा ट्रंपेट आणि कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन मिळून ती धून मांडतात. मोनोत ते तिघं एका दमात, एक जाड भिंत होऊन समोर येतात. स्टिरिओत तीच जागा पातळ होते. जादा टेक ऐकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. ती अभ्यासाला चांगली आहे, रोज लावायला नाही.

टोन पोएटच्या तबकड्या केव्हिन ग्रे मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापतो, त्या कॅलिफोर्नियात आरटीआय या कारखान्यात दाबल्या जातात, कव्हर जाड, उघडझाप होणारं, आत ब्लू नोटच्या फ्रान्सिस वुल्फने काढलेले फोटो. याच कंपनीची दुसरी मालिका आहे क्लासिक व्हिनाइल. तिथेही कापणारा तोच केव्हिन ग्रे, फक्त दाबायचं काम जर्मनीत ऑप्टिमलला आणि कव्हर साधं. किंमत बरीच कमी. आर्ट ब्लेकीचा 'मोनिन'' आणि कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा 'समथिन' एल्स' या स्वस्त मालिकेत आहेत, आणि माझ्या कानांना त्यांत आणि टोन पोएटमध्ये पैशांइतका फरक कधीच जाणवला नाही. कव्हर हातात घेऊन बघण्याचं सुख असतं, ते मी नाकारत नाही. पण ते सुख जूनमध्ये आपल्याकडे टिकत नाही, त्याबद्दल पुढे लिहितोच. एक मात्र बघा, ब्लू नोटच्या पंच्याहत्तरीनिमित्त २०१४ मध्ये निघालेली मालिका डिजिटल फाइलवरून कापलेली होती. सेकंडहँडमध्ये ती टोन पोएटच्या भावाने कुणी गळ्यात मारू नये.

'मूळ प्रतच सर्वोत्तम' म्हणणारेही भेटतील. पन्नासच्या दशकातल्या प्रतीत टेप ताजी होती, त्यामुळे झांजांची चमक नव्यापेक्षा सरस असते, हे खरं. पण त्या काळच्या स्वस्त प्लेअरवर सुई उडू नये म्हणून खर्ज आवरून कापला जायचा. नव्या कापणीत पॉल चेंबर्सचा बास खाली जमिनीपर्यंत उतरतो. शिवाय मूळ प्रतींचे भाव बघितले तर बागेचं खत बाजूला ठेवावं लागेल.

'काइंड ऑफ ब्लू'ची गोष्ट मजेची आहे. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक झाले. त्या दिवशी ज्या मशिनची टेप पुढे वापरली गेली ते किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेलं बरोबर वेगाने वाजवलं की सूर चढतो. म्हणजे तीसेक वर्षं जगाने पहिली बाजू चढ्या सुरात ऐकली. सोबतीला बॅकअपचं मशिन चालू होतं, ते बरोबर वेगात होतं. त्या टेपवरून १९९२ मध्ये दुरुस्ती झाली. हे घरी तपासायचं असेल तर भजनाची पेटी काढा. पहिला ट्रॅक 'सो व्हॉट' पांढरी दोनमध्ये आहे. सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा बारांच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) अंतराने ते अर्धा सूर चढून काळी दोनवर जातं, आठ बार तिथे थांबतं आणि परत पांढरी दोनवर येतं. दुरुस्त आवृत्तीत पेटी बरोबर बसते. जुन्या प्रतीत पेटी जरा उतरलेली वाटते. (लाईटचं व्होल्टेज कमी झालं की वेग बदलतो ही शंका बऱ्याच जणांना येते. सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीवर चालते, व्होल्टेजवर नाही. स्वस्त इन्व्हर्टरवर मात्र गुणगुण येऊ शकते.)

तर नव्वदीच्या उत्तरार्धानंतरची मूळ कंपनीची, म्हणजे कोलंबियाची, कुठलीही साधी आवृत्ती घेतलीत तरी सूर बरोबर असेल. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्स या कंपनीची 'यूएचक्यूआर' नावाची खास पेटी ऐकायला अप्रतिम आहे, पण डॉलरमध्ये तीन आकडी किंमत, त्यावर ड्युटी, त्यावर कुरिअर. पहिल्या टर्नटेबलवर तिचं निम्मंही ऐकू येणार नाही. आत्ता नको.

जुन्या एलपी नव्याने काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीबद्दलही विचारलंत. २०२२ मध्ये उघड झालं की 'मूळ टेपवरून' म्हणून विकल्या गेलेल्या त्यांच्या कित्येक आवृत्त्यांत २०११ पासून डिजिटलची एक पायरी होती. अमेरिकेत दावा झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. गंमत अशी की तोवर हीच तबकडी लावून भलेभले 'बघा, अ‍ॅनालॉगची ऊब' म्हणत होते. डिजिटल पायरी आली म्हणून आवाज बिघडतो असं मी मानत नाही. पण ग्राहकाला अंधारात ठेवून जास्तीचे पैसे घेतले, ते वाईटच. त्यांची एखादी प्रत रास्त भावात मिळाली तर खुशाल घ्या, 'अ‍ॅनालॉग' म्हणून चढा भाव देऊ नका.

'सॅक्सोफोन कोलोसस'चा निर्णय सोपा आहे. २२ जून १९५६, पुन्हा हॅकेनसॅक, पुन्हा व्हॅन गेल्डर, आणि ध्वनिमुद्रण मोनोच. कव्हरवर स्टिरिओ लिहिलेली जुनी प्रत दिसली तर तो मागाहून यंत्राने केलेला प्रकार, सोडून द्या. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची मोनो प्रत मिळाली तर उत्तम. नाहीतर ऐंशीच्या दशकातली 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स'ची वापरलेली प्रत शोधा. दिसायला गरीब, वाजायला खणखणीत. 'सेंट थॉमस'मधला मॅक्स रोचचा ड्रम सोलो त्यावर इतका स्वच्छ आहे की कातडं कुठे ताणलंय ते कळतं. सनी रोलिन्स १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवून गेला होता. घरातल्या कुणी ते ऐकलं असेल तर त्यांना ही तबकडी आधी ऐकवा.

आता खरा शत्रू, दमट हवा. तुमचं घर चिऱ्याचं असेल तर पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते. रेकॉर्डचं कपाट त्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीला ठेवा, आणि मागे हात जाईल एवढी फट सोडा. माळ्यावर तर अजिबात नको, मे महिन्यात कौलाखालच्या उष्णतेने तबकड्या वाकतात. तबकड्या उभ्या ठेवा, आडवी चळत नको. मूळची कागदी आतली पिशवी काढून कव्हरमागे ठेवा आणि तबकडी प्लास्टिक अस्तराच्या पिशवीत घाला. बुरशीला कागद आवडतो. बाहेरचं प्लास्टिक कव्हर पावसाळ्यात तोंड मोकळं ठेवा. चिकटवून बंद केलंत तर दमट हवा आतच अडकते आणि गणपतीत कव्हर उघडलं की करडे ठिपके दिसतात. ठिपके तबकडीवर आलेच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून, मऊ फडक्याने, खोबणीच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. घरात लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील तर त्यांना मात्र अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

मागवताना विक्रेत्याला लिहा की तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पिशवीतच ठेवून पाठवा. वाटेत पार्सल आपटलं की तबकडीची धार कव्हरची शिवण फाडते. आणि शक्य तर मेच्या आत मागवा, जुलैत भिजलेलं खोकं दारात घेण्यात मजा नाही.

तुमच्या बजेटमध्ये मी असं करेन: 'काइंड ऑफ ब्लू' कंपनीची साधी प्रत, 'ब्लू ट्रेन' टोन पोएटची मोनो, 'कोलोसस' वापरलेली. उरलेल्या पैशांत आतल्या पिशव्या, सुईचा ब्रश आणि सुईचं वजन मोजायचा छोटा काटा. चौथी घ्यावीशी वाटली तर व्हर्व कंपनीच्या अ‍ॅकूस्टिक साउंड्स मालिकेतली कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' बघा. टर्नटेबलवर कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा छोटा भाग, कुठलं बसवलंय ते कळवा. साध्या स्टिरिओ कार्ट्रिजवर मोनो तबकडी वाजते, पण तुमच्या अ‍ॅम्पला मोनोचं बटण आहे का यावर खरखर किती कमी करता येईल ते ठरेल.