लिथॉप्सला पाणी कधी द्यायचं? वाचकांचे प्रश्न, बागेची उत्तरं

मागच्या अंकात लिथॉप्सचा, म्हणजे त्या गोट्यासारख्या दिसणाऱ्या बुटक्या सक्युलंटचा (पानात पाणी साठवणाऱ्या झाडाचा) जाता जाता उल्लेख केला होता, तर पत्रांचा ढीग पडला. बहुतेक पत्रं नागपूरचीच, आणि फिरून फिरून प्रश्न एकच, पाणी. म्हणून यावेळी गुलाब, मोगरावाल्यांनी माफ करा, अख्खा कॉलम या गोट्यांचा.

प्रश्न : नर्सरीतून डिसेंबरमध्ये लिथॉप्सची तीन रोपं आणली. दर रविवारी नियमाने पाणी देऊन राहिली. आता एकाच्या फटीतून नवीन पानांची जोडी निघाली पण जुनी पानं काही वाळून नाही राहिली, उलट अजून फुगली. हे चांगलं की वाईट? – एक वाचक, मनीषनगर

ताई, रविवारचं पाणी आजपासून बंद करा, बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

या झाडाला एका वेळी पानांची एकच जोडी असते आणि वर्षातून एकदा ती बदलते. थंडीत आतल्या आत नवीन जोडी तयार होते, मग ती जुन्या पानांत साठलेलं पाणी ओढून मोठी होते, आणि जुनी पानं सुकून कागदासारखी पातळ होऊन गळून पडतात. म्हणजे या काळात त्याचा डबा त्याच्याजवळच असतो, तुम्ही वरून पाणी दिलं की जुनी पानं सुकायचं नावच घेत नाहीत, नवीन जोडीला मध्ये जागा मिळत नाही, मग ती वाकडी वाढते नाहीतर मधूनच सडते. डिसेंबरपासून जुनी पानं पूर्ण सुकेपर्यंत, आपल्याकडे साधारण मार्च-एप्रिल येतो तोपर्यंत, एक थेंब नाही. तुमचं रोप अजून टणक आहे असं पत्रावरून वाटतं, तेव्हा वाचेल. फक्त जुनी पानं हाताने सोलू नका, सगळ्यांचे हात शिवशिवतात तिथे, पण ओलं पान ओढलं की खाली जखम होते आणि तिथूनच बुरशी शिरते. पूर्ण वाळलं की आपोआप निघतं.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, त्याने विचारलं की याला खोड नाही, फांदी नाही, मग याला झाड काहून म्हणायचं? मला उत्तर आलं नाही. दुसरं, हे मातीत किती खोल लावायचं? – धरमपेठ

मुलाला सांगा की दिसतं ती दोन पानं आहेत, एकमेकांना चिकटलेली, मधली फट म्हणजे त्यांची सीमा. खोड आहे पण नावापुरतं, खाली लांब मुळी आहे. हे मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातलं, गोट्यांनी भरलेल्या कोरड्या माळावर वाढतं आणि आजूबाजूच्या दगडांच्याच रंगाचं असतं म्हणून जनावरांना सापडत नाही. माणसांनाही नाही सापडलं बरेच दिवस. विल्यम बर्चेल नावाचा ब्रिटिश निसर्गअभ्यासक १८११ मध्ये प्रिस्का भागातून जात होता, त्याने जमिनीवरून एक विचित्र दगड म्हणून जे उचललं ते झाड निघालं. लिथॉप्स हे नाव मात्र त्याला १९२२ मध्ये मिळालं, एन. ई. ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं.

आणि खरी गंमत वरच्या सपाट भागात आहे. तिकडे रोप जवळजवळ सगळं जमिनीखाली असतं, फक्त डोकं वर. त्या डोक्यावर अर्धपारदर्शक ठिपके किंवा पट्टे असतात, त्यातून ऊन आत शिरतं आणि पानाच्या आतल्या भिंतीवर जो हिरवा थर असतो तिथपर्यंत पोचतं. स्वयंपाक जमिनीखाली, खिडकी छपरावर. तिसरीच्या मुलाला हे नक्की आवडेल, बॅटरी लावून दाखवा त्याला.

खोलीचं म्हणाल तर तिकडे गाडलेलं असतं म्हणून आपण इथे गाडायचं नाही. आपली हवा वेगळी. अर्धं रोप वर राहू द्या, बाजूने जाड रेती किंवा बारीक गोटे टाका म्हणजे मानेजवळ ओल साठत नाही. कुंडी मात्र चार इंच तरी खोल हवी, त्या उथळ बशीसारख्या फॅन्सी कुंड्या या मुळीला पुरत नाहीत.

प्रश्न : पश्चिमेची बाल्कनी आहे, मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहवत नाही. रोपं आत कूलरच्या खोलीत आणू का? कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आम्ही बाकी कुंड्यांना टाकतो, ते यांना चालेल का? – वर्धमाननगर

दादा, दोन्ही नाही. कूलरच्या खोलीत हवा दमट आणि उजेड कमी, लिथॉप्सला नेमकं हेच दोन्ही नको असतं. उजेड कमी पडला की ते उंच होतं, गोट्यासारखं बसकं न राहता बोटासारखं लांबतं आणि मग ती उंची कमी होत नाही, पुढची जोडी येईपर्यंत तसंच. टाकीतल्या पाण्याचं असं आहे की दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात, त्यात पुन्हा बोअरचं पाणी भरलेलं असलं तर विचारूच नका. मोगऱ्याला तरी ते कशाला घालता?

पश्चिमेची बाल्कनीच असेल तर एप्रिल लागला की ५० टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट बांधा, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आत रोपं भिंतीच्या सावलीत मागे सरकवा. पूर्वेला खिडकी असेल तर प्रश्नच मिटला, सकाळचं चार-पाच तास ऊन या झाडाला भरपूर होतं. गच्चीवर ठेवणाऱ्यांनी कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नये, स्लॅब रात्री बारा वाजताही गरम असतो, खाली स्टँड किंवा दोन विटा ठेवा. काळी प्लास्टिकची कुंडी तर उन्हात मुळं शिजवते. एसीचं बाहेरचं युनिट जिथे गरम हवा फेकतं तिथेही नको.

एक लक्षात घ्या, सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात काढलं की डोक्यावर पांढरा डाग पडतो, तो भाजल्याचा डाग असतो आणि पानंच दोन असल्यामुळे वर्षभर तुमच्या डोळ्यासमोर राहतो. दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू ऊन वाढवायचं.

प्रश्न : मागच्या वर्षी ४५ डिग्रीत पाचही रोपं मस्त राहिली, आम्ही म्हटलं चला जिंकलो. जुलैमध्ये एकामागून एक विरघळली. पाऊस लागतच नव्हता त्यांना, शेडमध्ये होती. मग झालं काय? – हुडकेश्वर

हे पत्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे सगळे मे महिन्याला घाबरतात. मे मध्ये झाड चिडतं, सुरकुततं, खाली बसतं, पण सहसा मरत नाही. मारतो तो जून-जुलै.

कारण असं की बाकी बहुतेक झाडं दिवसा हवा घेतात, हे मात्र दिवसा पानाची सगळी छिद्रं बंद ठेवून रात्री थंडाव्यात उघडतं, पाणी वाचवायला. आपल्या उन्हाळ्यात कित्येकदा रात्री पारा ३० च्या आसपास रेंगाळतो, मग याचा कारभार जवळपास ठप्प होतो, वाढ थांबते, झोपतंच म्हणा. झोपलेलं झाड पाणी ओढत नाही. आता मृग लागला, पहिली सर आली, हवा गार वाटली, रोप सुरकुतलेलं दिसलं, आपण प्रेमाने कप ओततो. माती दमट हवेत आठ-दहा दिवस ओली राहते आणि मुळं तिथेच सडतात. तुमचं शेड होतं म्हणता पण मी पैज लावतो, सुरकुत्या बघून पाणी दिलंच असणार कुणीतरी, घरात एक तरी माणूस असतो असा.

पावसाळ्यात तीन गोष्टी. वरून पत्रा किंवा प्लास्टिक, पण बाजू उघड्या, चारी बाजूंनी झाकलं तर आत भट्टी आणि वाफ दोन्ही. हवा खेळती ठेवा, एखादा छोटा टेबल फॅन दिवसातून काही तास लावला तरी फार फरक पडतो, लोक हसतील, हसू द्या. आणि पाणी जवळपास बंद. अगदीच चिपाडासारखं झालं तर पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलंय असं बघून कुंडीच्या कडेने चमचाभर, रोपावर नाही, फटीत तर अजिबात नाही. एखादं रोप पिवळट, पारदर्शक आणि दाबल्यावर पिचपिचीत लागलं की ते गेलं, लगेच काढून फेका म्हणजे शेजारचं वाचेल. सुरकुतलेलं आणि पिचपिचीत यात फरक आहे, सुरकुतलेलं तहानलेलं असतं, पिचपिचीत सडलेलं.

पोळा झाला, मारबत निघाली, हवा कोरडी व्हायला लागली की हळूहळू सुरू करायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडे याचा खरा सीझन, तेव्हा कुंडी पूर्ण भिजेल असं पाणी द्या आणि माती तळापर्यंत कोरडी झाल्यावर, कडेच्या बारीक सुरकुत्या दिसल्यावरच पुढचं. कॅलेंडर बघून नाही, झाड बघून.

प्रश्न : शेतातली काळी माती आणून त्यात शेणखत मिसळून लावलं तर चालेल ना? आमच्याकडे सगळं त्यातच येते. – महाल

काका, काळी माती कापसाला, संत्र्याला. ती पाणी धरून ठेवते म्हणून तर आपला भाग पिकतो, आणि म्हणूनच ती इथे नको. शेणखतही नको, खत मिळालं की हे फुगतं आणि फुटतं, अक्षरशः पान तडकतं.

कन्हान नदीची रेती घ्या, रव्याच्या चाळणीने चाळा, खाली पडेल ती टाकून द्या, वर राहील ती जाड रेती धुऊन घ्या. त्यात विटांचे बारीक तुकडे नाहीतर पर्लाईट, म्हणजे ते पांढरे हलके दाणे. माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सगळं मिळून पाचात एक भाग, त्याच्यावर नाही. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं, ते मुळांपासून हलक्या हाताने झाडून काढा, चार दिवस सावलीत उघडं ठेवा, मग लावा, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नको. कुणी म्हणेल चार दिवस उघडं? हो, काही होत नाही त्याला.

प्रश्न : ऑनलाइन निळ्या, गुलाबी, पोपटी लिथॉप्सच्या १०० बिया स्वस्तात मिळून राहिल्या. मागवू का? – त्रिमूर्तीनगर

नका मागवू. निळं लिथॉप्स नसतंच, ते फोटो रंगवलेले असतात. खरे रंग राखाडी, खाकी, तपकिरी, विटकरी, शेवाळी. एक लालसर जांभळट प्रकार खरा आहे, पण तो शंभराच्या पाकिटात येत नाही. बी ओळखायची सोपी खूण, लिथॉप्सचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, पाकिटात तीळ-मोहरीसारखं जाड बी निघालं तर ते दुसरंच काहीतरी.

चांगलं बी एखाद्या सक्युलंट जमवणाऱ्याकडून मिळालं तर दिवाळीच्या सुमारास पेरा. ओल्या बारीक रेतीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, पारदर्शक झाकण ठेवायचं. आठवडा-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. मोठ्या रोपाचा नियम या पिल्लांना लावू नका, पहिल्या वर्षी त्यांना पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही. फुलाला साधारण तीन वर्षं, घाई असेल त्याने झेंडू लावावा.

प्रश्न : एकाला फूल आलं होतं पण बी धरलं नाही. – सदर

एकटं होतं म्हणून. स्वतःच्या परागाने बी धरत नाही, त्याच जातीचं, पण वेगळ्या बियाचं दुसरं रोप त्याच वेळी फुललेलं हवं. फुलं बहुतेक पिवळी किंवा पांढरी, दुपारी उघडतात, तेव्हा मऊ ब्रशने याच्यावरचा पराग त्याच्यावर. बोंड वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, पाकळीसारखं उघडतं, पावसात बी सांडावं म्हणून.

प्रश्न : मातीजवळ पांढरं पांढरं काहीतरी दिसते. बुरशी आहे का? – प्रतापनगर

कापसासारखं आणि काडीने चिरडलं तर ओलसर, म्हणजे मिलीबग, रस शोषणारी पांढरी कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने पुसा, आणि कुंडीतून काढून मुळंही बघा, तिथे जास्त लपतो. पण कडक पापुद्रा असेल, नखाने खरवडला जात असेल तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार, त्याला औषध नाही, पाणी बदला. पावसाचं साठवून ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर आरओचं चालेल.

प्रश्न : माझं रोप मोठ्या फुटलेल्या दगडासारखं आहे आणि त्याला चार पानं कायम असतात. तुमच्या हिशोबाने ते ओव्हरवॉटर झालं का? – मानेवाडा

नाही, ते बहुतेक प्लायोस्पिलोस आहे, लिथॉप्सचंच भावंड पण आकाराने मोठं. त्याला दोन जोड्या चालतात. सहा पानं झाली आणि सगळ्यात बाहेरची जोडी अजून टम्म असली, तेव्हा पाणी थांबवा.