विचारा, सांगतो : सर्व्हर उठत नाही, फोटो गेले का?

प्रश्न : आमचं घर सांगलीत गावभागात. जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस (घरच्या सर्व्हरसाठीची सिस्टीम) टाकून घरचा सर्व्हर केलाय, ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) आणि बूटला वेगळी १२० जीबीची एसएसडी. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे चाललंय कळल्यावर २०१९ आठवलं, म्हणून बाकी सामानाबरोबर सर्व्हर पण वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. पाणी उतरल्यावर खाली आणून जोडला तर स्क्रीनवर नुसतं ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. सुरुवातीला तारीख पण कुठलीतरी जुनी, २०१३ ची दिसते. पुतण्या म्हणतो सगळं फॉरमॅट मारून नवीन टाकू. आत लग्नामुंजीचे फोटो आहेत, सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत. काय करू?
— एक वाचक, गावभाग

उत्तर : पहिलं काम, पुतण्याला थांबवा. फोटो त्या दोन मोठ्या डिस्कवर आहेत आणि तक्रार बूटच्या एसएसडीची आहे, दोन्हींचा एकमेकांशी संबंध तसा कमीच. ट्रूनॅसमध्ये सिस्टीम एका ड्राइव्हवर आणि डेटा दुसऱ्यावर असंच असतं, त्यामुळे बूटचा ड्राइव्ह अगदी जळून गेला तरी डेटाचा पूल (म्हणजे डिस्क मिळून केलेला साठा) जागच्या जागी राहतो.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली ती २०१३ ची तारीख, मला वाटतं सगळी गोम तिथंच आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, मशीन प्लगमधून काढलं की घड्याळ त्याच्यावरच चालतं आणि बऱ्याच जुन्या बोर्डांत बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग पण त्याच्याच जिवावर टिकतात. तुमचं मशीन वर्षानुवर्षं प्लगला लागलेलं, म्हणून सेल कधीच मेलाय हे कळलंच नाही, आणि वर नेऊन नुसतं ठेवल्यावर तारीख गेली, बूटचा क्रम गेला, साटाचा (डिस्क बोर्डाला जोडायच्या जोडणीचा) मोड पण गेला असणार. मग ते बिचारं बूट शोधायला डेटाच्या डिस्ककडे जातं, तिथं सिस्टीम नसतेच.

तर मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, सेल बदला, प्लसची बाजू वर. घड्याळवाल्याकडे पण मिळतो हा सेल, नवा असला की मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवतो. मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, साटाचा मोड पूर्वी होता तोच ठेवा (बहुतेक एएचसीआय असेल, रेड किंवा आयडीई दिसलं तर बदला), बूटच्या यादीत ती १२० जीबीवाली वर घ्या. तरी नाही उठलं तर बूटच्या यूईएफआय (नवी) आणि लेगसी (जुनी) या दोन्ही पद्धती करून बघा, कारण सिस्टीम ज्या पद्धतीने टाकली असेल त्याच पद्धतीने उठते.

एसएसडी यादीत दिसतच नसेल तर मात्र सेलवर खापर फोडू नका. जिन्यावरून डबा वरखाली केलाय, साटाच्या साध्या वायरी, विशेषतः क्लिप नसलेल्या, एवढ्या हेलपाट्यात सुटतात. वायर बदला, बोर्डावरचं दुसरं पोर्ट बघा, एसएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. (आपल्याकडे काही बिघडलं की रॅम काढून खोडरबरने घासायची, ही रीत इथं काही कामाची नाही. ज्याअर्थी स्क्रीनवर मेसेज येतोय त्याअर्थी रॅम निदान काम करतेय.)

आणि एसएसडी खरंच गेली असेल तर नवीन घ्या, १६ जीबीच्या वर कितीही चालते, पण तेवढी छोटी आता बाजारात मिळत नाही, १२० किंवा १२८ वालीच घ्या. इन्स्टॉल करताना डेटाच्या दोन्ही डिस्कच्या वायरी काढून ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इन्स्टॉलर ‘कुठल्या डिस्कवर टाकू’ विचारतो तेव्हा घाईत चुकीच्या डिस्कवर टिक होते आणि मग खरंच रडायची वेळ येते. सिस्टीम टाकून झाली की मशीन बंद, डिस्क जोडा, चालू करा आणि स्टोरेजमध्ये ‘इम्पोर्ट’. ‘क्रिएट’ नाही! क्रिएट म्हणजे नवा पूल, जुनं सगळं साफ. व्हर्जन पूर्वीचंच किंवा त्याच्या पुढचं घ्या, जुनं घेतलंत तर नव्या फीचरचा पूल ते उघडणार नाही. कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) फाइल कधी सेव्ह करून ठेवली असेल तर ती अपलोड केली की शेअर, युजर, पासवर्ड सगळं परत. नसेल तर ते हाताने परत करावं लागेल, फोटो तरी जात नाहीत. अपवाद एकच, पूल एन्क्रिप्ट केला असेल आणि त्याची किल्लीची फाइल किंवा पासफ्रेज कुठंच नसेल तर मग आमच्याकडे पण उपाय नाही.

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीत राहते, सर्व्हर पेनड्राइव्हवरून बूट होतो, चालू पण आहे, पण ‘बूट-पूल डिग्रेडेड’ असा अलर्ट रोज येतोय. रीस्टार्ट मारू का? डिस्क बदलावी लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, रीस्टार्ट आत्ता अजिबात नको, कदाचित परत उठणार नाही. आधी सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉन्फिग सेव्ह करा, त्यात ‘सीक्रेट सीड’ची चौकट असते तिला टिक करा नाहीतर साठवलेले पासवर्ड परत वाचता येत नाहीत, आणि फाइल सर्व्हरवर नको, लॅपटॉपवर किंवा मेलवर ठेवा. अलर्टमध्ये बूट-पूल हे नाव आहे म्हणजे बिघाड पेनड्राइव्हवर आहे, मोठ्या डिस्क बदलायची गरज नाही. फ्रीनॅसच्या (ट्रूनॅसचं जुनं नाव) जमान्यात पेनड्राइव्हवरच टाकायची पद्धत होती, पण आता सिस्टीम सारखं काहीबाही लिहीत असते आणि पेनड्राइव्ह हा रोज लिहायला केलेलाच नाही, घासलेल्या टायरसारखं कधीतरी बसणारच.

छोटी एसएसडी घ्या, वर सांगितलंय तसं नवीन इन्स्टॉल करा, कॉन्फिग चढवा. पेनड्राइव्हची कॉपी मारू नका, खराब झालेलं पण सोबत कॉपी होतं. एम.२ वाली (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) घेणार असाल तर बोर्डाचं मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर एम.२ लावली की साटाचं एक पोर्ट बंद पडतं आणि मग डेटाची डिस्क गायब झाली म्हणून घाबरायला होतं. साटाची सगळी पोर्ट भरलेली असतील तर यूएसबीच्या एन्क्लोजरमधली (बाहेरून जोडायच्या डबीतली) एसएसडी पण चालते, पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी बरी.

प्रश्न : घरात इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की सर्व्हर रीस्टार्ट होतो. यूपीएस घ्यावाच लागेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस मोड’चा स्विच आहे का बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना असतो आणि त्या मोडमध्ये लाईटवरून बॅटरीवर पलटी लवकर होते. तरी रीस्टार्ट होत असेल तर छोटा यूपीएस घ्या, पण यूएसबी वायर असलेला. ती सर्व्हरला जोडून सेटिंग केली की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो, लाईटच्या मधल्या झटक्यात लिहिता लिहिता बंद पडत नाही. नुसता, यूएसबी वायरीविना यूपीएस असला तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, पण तेवढ्यात कोणीतरी घरात असलं पाहिजे ना बंद करायला.