वाचकांचे प्रश्न: फाल्गुनात सातपुड्याची वाट कशी तपासावी?

प्रश्न: नववीच्या 25 मुलांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात नरनाळ्याला पायी न्यायचा विचार आहे. डिसेंबरात आम्ही दोघं शिक्षक वाट बघून आलो. तेवढी पाहणी पुरेल का? – एक शिक्षिका, अकोट तालुका

उत्तर: नाही पुरणार, ताई. डिसेंबरात नाल्याला पाणी असतं, सागावर पान असतं आणि पायवाट उघडी दिसते. मार्चपर्यंत यातलं काहीच राहत नाही. सागाची सुपाएवढी पानं गळून वाट झाकली जाते. त्याखाली सुटा मुरूम आणि गोटे असतात. चढताना ते जाणवत नाहीत, उतरताना मात्र पाय सरकतो. सावलीही गेलेली असते, त्यामुळे डिसेंबरात सोपा वाटलेला चढ अकरानंतर भाजून काढतो.

सगळ्यात आधी परवानगी. नरनाळा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. त्या तारखेला पायी सोडतात का, कुठपर्यंत, सोबत वाटाड्या लागतो का आणि किती वाजेपर्यंत बाहेर यायचं, हे शहानूरच्या प्रवेशद्वारावर विचारून घ्या. पायी सोडत नसतील तर बेत गाडीचा करा. मुलांना घेऊन आडवाटेनं शिरणं कुठल्याही कारणानं बरोबर नाही.

पायी परवानगी मिळाली तर सहलीआधीच्या आठ दिवसांत वाट पुन्हा चाला, आणि मुलं ज्या वेळी चालणार त्याच वेळी चाला. सकाळी सातला केलेली पाहणी दुपारी बाराच्या उन्हाबद्दल काही सांगत नाही. प्रत्येक खुणेपाशी किती वाजले ते वहीत लिहा. सपाट वाटेच्या हिशेबात दर 300 मीटर चढाला अर्धा तास वाढवा आणि आलेल्या वेळेची मुलांसाठी दीडपट करा. त्यावरून परत फिरण्याची वेळ ठरवा. गड दिसत असला तरी ती वेळ झाली की फिरायचं.

फाटे नीट बघा. ढोरवाटा पाण्याकडे जातात, गडाकडे नाही. जाळरेषेनं तर जाणतेही फसतात. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, म्हणून त्याआधी गवत जाळून लांबच लांब पट्टे साफ केलेले असतात. नवख्याला तोच मोठा रस्ता वाटतो. अशा प्रत्येक ठिकाणी फोटो काढा. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून न्या, रानात नेटवर्क धरून चालू नका.

पाणी माणशी 3 लिटर धरा, म्हणजे मुलांचंच 75 लिटर. वाटेतल्या डोहाच्या भरवशावर हे कमी करू नका. नाला वाहायचा थांबला की डोहातलं पाणी साचून राहतं. त्यावर हिरवी साय आली असेल तर ते उकळूनही पिऊ नये, कारण शेवाळाचं विष उकळल्यानं जात नाही. शिवाय उन्हाळ्यात जनावरं त्याच डोहावर येतात, तेव्हा पोरांना तिथं जेवायला बसवू नका. निम्मं पाणी संपलं की परत फिरा.

आदल्या संध्याकाळी नागपूर प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट नवी नाही. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीची पांदण दोन दिवस तरी वाळू द्या, नाहीतर गाडी गावाबाहेरच रुतेल.

प्रश्न: उपग्रहाच्या नकाशावर डोंगरात आगीचे लाल ठिपके दिसतात. ते दिसले तर जाणं रद्द करावं का? – एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर: वाटेजवळ किंवा वाटेखालच्या उतारावर ठिपका असेल तर नक्की रद्द करा. आग चढाकडे झपाट्यानं पळते, म्हणून खालची आग जास्त वाईट. ठिपका शेतात पडला असेल तर तो पऱ्हाट्या किंवा काडीकचरा जाळल्याचाही असू शकतो. नकाशा कोरा आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. हे उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. सकाळी नऊला लागलेली आग सकाळी दहाच्या नकाशावर नसते. म्हणून निघताना पायथ्याच्या गावात विचारा. मोह वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायामाणसांना धूर कुठं आहे आणि अस्वल कुठल्या झाडाखाली येतं, दोन्ही ठाऊक असतं.

रानात धूर दिसला तर नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, उतरू नका आणि धारेकडे, म्हणजे डोंगराच्या माथ्याकडेही चढू नका. वाऱ्याला आडवं चालत आधीच जळून गेलेली किंवा उघडी कातळाची जागा गाठा आणि 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.

प्रश्न: कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदलावी की गुपचूप खालून जावं? – एक वाचक, चिखलदरा तालुका

उत्तर: वाट बदला. पाहणीत दुर्बिणीनं कडा, गडाच्या कमानी आणि उंच झाडं बघून घ्या. दुसरी वाटच नसेल तर त्या दिवशी तिथूनच परता. अत्तर, विडी, चूल, आरडाओरडा, दगडफेक, यातलं काहीही चालणार नाही. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळा. हात झटकू नका, पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. काटा नखानं लगेच खरवडून काढा. डंख पुष्कळ असतील, किंवा एकाच डंखानं ओठ सुजले, श्वास लागला, तर 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा.