सुवर्णदुर्गावर जायचं असन त आधी तिथी पाहा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नऊ जण, त्यात सासूबाई अडुसष्टच्या आणि पोरगं सहा वर्षाचं, दिवाळीच्या सुट्टीत आर्वीहून कोकणात दापोलीजवळच्या हरणै बंदराला जाऊन राहिले आणि त्यातला एक दिवस तिथल्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बेटावर काढायचा म्हणता. किती वेळ लागते, बेटावर जेवायची काही सोय आहे का, आणि म्हाताऱ्या माणसाला जमते का, असं तुम्ही विचारलं. मी धामणगावकडचा, कापूस-सोयाबीनवाला माणूस, आपला समुद्राशी काय संबंध, पण साडूभाऊ दापोलीला नोकरीत होता म्हणून चार वेळा त्या बेटावर पाय टाकला आहे. पहिल्या खेपेला जी फजिती झाली ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचं काहून लिहून राहिलो ते समजन.

2016 च्या जानेवारीत गेलो. सगळे आरामात उठले, पोहे खाल्ले, चहा दोनदा झाला, दहा-साडेदहाला बंदरावर पोचलो आणि जी बोट मिळाली तिच्यात बसलो. त्या दिवशी पौर्णिमा होती हे कोणाच्या डोक्यातच नाही, आणि असतं तरी आपल्याला पौर्णिमेचा आणि बोटीचा काय संबंध वाटणार. बेटाजवळ गेलो त दरवाज्यासमोर वाळूच नाही, सगळं पाण्याखाली, लाटा येऊन थेट दगडावर आपटून राहिल्या. तिथं धक्का नाही, जेट्टी नाही, पाण्यातच उतरावं लागते. मी आणि साडू छातीभर पाण्यात, आणि आईला दोघांनी हातावर घेऊन उतरवलं, तिचं लुगडं भिजलं, माझा मोबाईल खिशातच गेला. बोटवाला म्हणाला बारा वाजता येतो आणि आला दोन वाजता. सहा जणांत पाण्याच्या तीन बाटल्या. साडेबाराला आईला चक्कर आली. जानेवारी महिना, ऊन म्हणाल त एकतीस-बत्तीस डिग्री, आपण मे महिन्यात पंचेचाळीसमध्ये वखरण करणारी माणसं, मला वाटलं हे काय ऊन आहे. पण आपल्याकडची हवा कोरडी, घाम आला की वाळते आणि अंग थंड होते, तिथं हवेत इतका ओलावा राहते की घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता वाहत राहते आणि अंगातलं पाणी-मीठ मात्र जात राहते. माणूस बसल्या जागी ढेपाळते. म्हणून आपल्या उन्हाळ्याच्या भरवशावर तिकडे जाऊ नका, हे पहिलं.

आता तिथीचं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते हे शाळेत शिकलोच आपण, चढायला साधारण सहा तास आणि उतरायला सहा तास, आणि रोज ही वेळ पाऊण तासानं पुढे सरकते, कारण हा सगळा खेळ चंद्राचा आहे. कोकणातले लोक याचा हिशोब तोंडी करतात. तिथी घ्यायची आणि पाऊणकी म्हणायची. म्हणजे तिथी गुणिले पाऊण, जे उत्तर येईन तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली त चार पाऊण तीन, दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही, मग ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहा-दहाला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे नेमकं भर दुपारी पाणी सगळ्यात वर, आणि आम्ही नेमके तेव्हाच गेलो होतो. शुक्ल पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. अर्धा तास इकडेतिकडे होते, पण अंदाज पक्का येते. सासूबाईंना विचारून पाहा, पाऊणकीचा पाढा त्यांना पाठ असन, आपल्या पिढीला कॅल्क्युलेटर लागते.

अजून एक, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी जास्तीत जास्त चढते आणि जास्तीत जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. बोटवाल्याच्या तोंडी हे दोन शब्द आले की समजून घ्या, नाही त भांग ऐकून आमच्या साडूसारखं हसाल आणि तो बिचारा पाहतच राहीन.

तुम्हाला उतरायला पाहिजे ओहोटीच्या आसपास, तेव्हा दरवाज्यापुढची वाळू उघडी पडते आणि पोटरीभर, फार त गुडघाभर पाण्यात काम होते. पण ओहोटी दुपारी असून फायदा नाही, तिथं वाऱ्याचा प्रश्न येते. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का, सहावी-सातवीच्या भूगोलात दोन मार्कांसाठी घोकले होते. रात्रभर जमीन थंड झाली की वारा जमिनीवरून समुद्राकडे जाते, तो मतलई, म्हणून सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी तळ्यासारखं पडून राहते. मग जमीन तापली की वारा उलटा फिरते, समुद्राकडून आत, तो खारा, आणि दुपारी बारा-एकनंतर लहान बोट चांगली उड्या मारायला लागते. उलट्या होतात त्या याच वेळी. म्हणजे सकाळची ओहोटी पाहिजे, आणि ती चतुर्थी ते षष्ठीला मिळते.

आणि तुमचं नशीब पाहा, दिवाळीत हे आपोआप जुळून येते. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, भाऊबीज द्वितीयेची. माहेरची भाऊबीज करा, तृतीयेला निघा, आणि पंचमीला सकाळी साडेआठला हरणै बंदरावर उभ्या राहा. भाऊबीजेच्या आधी जायचा विचार असन त तो सोडा. कापूस वेचणी तोंडावर असते हे मलाही माहीत आहे, मजूर मिळत नाही, घरच्या माणसांना लगेच वापस यावं लागते, पण दोन दिवस इकडचे तिकडे करा.

फक्त एक सांगून ठेवतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं, कोकणातले कितीतरी मच्छीमार त्यात गेले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असन, किंवा होड्या सगळ्या किनाऱ्याला ओढलेल्या दिसल्या, त बोटवाल्याला गळ घालू नका. पैसे वाढवून देतो म्हटलं की एखादा तयार होते, तोच सगळ्यात डेंजर माणूस. पावसाळ्यात त विचारच नको.

बोट कशी ठरवायची. आदल्या संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असते, तिथं जा. मासे खात नसाल तरी जा, कारण शेतकऱ्याच्या घरच्यांनी पाहावं असं एक तिथं आहे. होड्या किनाऱ्यापर्यंत येत नाहीत, मग बैलगाड्या समुद्रात घालतात. बैल पोटाला पाणी लागेपर्यंत आत जाऊन उभे राहतात, लाट आली की मान वर करतात, लाट गेली की खाली, आणि गाडीत मासळीच्या टोपल्या चढतात. आमच्या आईनं ते पाहून पहिला प्रश्न विचारला की याच्या खुराला खारं पाणी चालते का. मी एका गाडीवाल्याला विचारलं त म्हणाला घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं धुवावंच लागते. आई म्हणाली मग ठीक आहे. बेटापेक्षा तिला तेच जास्त लक्षात राहिलं.

तर तिथंच बोटवाला गाठा आणि जाऊन-येऊन, मध्ये थांबण्यासकट भाव ठरवा. सोडून जातो आणि नंतर येतो हे मान्य करू नका, आमचं तसंच झालं. अर्धे पैसे वापस आणल्यावर. लाईफ जॅकेट नवाच्या नऊ पाहिजे, आणि पोरासाठी लहान मापाचं आहे का ते डोळ्यानं पाहा. मोठं जॅकेट लहान पोराला घातलं त पाण्यात पोरगं खालून सुटून जाते, त्याचा उपयोग शून्य. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन काही होत नाही.

बोटीत पंधरा-वीस मिनिटं लागतात, बेटावर दोन-अडीच तास पुष्कळ झाले. दिवसभराचा प्लॅन करू नका. तिथं काहीच नाही. हॉटेल नाही, टपरी नाही, संडास नाही, प्यायचं पाणी नाही, वस्ती नाही. किल्ल्यात पाण्याची टाकी आहेत पण त्यातलं पाणी पिऊ नका. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. डब्यात दशम्या, केळी, चिवडा चालते. ठेचा नेऊ नका हो. मला माहीत आहे ठेच्याशिवाय आपला डबा होत नाही, पण तिथं त्या ठेच्यावर जे पाणी लागन ते आणणार कुठून. बायांनी बंदरावर येण्याआधीच मोकळं होऊन घ्या, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगून राहिलो. स्लीपर नको, पट्ट्याची सँडल पाहिजे, कारण खडकावर शेवाळ असते आणि कालवं, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, चिकटलेली असतात, त्याची धार ब्लेडसारखी लागते. साडूचा अंगठा फाटला होता आणि खाऱ्या पाण्यात ते झोंबलं ते वेगळंच.

आता तिथं काय पाहायचं. बाहेरून दरवाजा लवकर दिसतच नाही, बुरुजाच्या आड लपवलेला आहे. आत शिरताना खाली पाहा, पायरीवर कासव कोरलं आहे, आणि तटावर मारुती. सगळे फोटोच्या नादात कासवावर पाय देऊन पुढे जातात. मग आत देवड्या, पहारेकऱ्यांच्या बसायच्या. त्याच्यापुढे नुसतं रान. दिवाळीच्या वेळेला पावसाचं गवत वाळून छातीइतकं उभं असते, काटेरी झुडपं, पडकी जोती, त्यात वाट शोधत जावं लागते. फुल पॅन्ट घाला, हातात काठी ठेवा, आपण वावरात जसं पाय आपटत जातो तसंच जायचं, साप-किरडू बाजूला होते. पोराला मोकळं सोडू नका, टाक्यांना कठडा नाही.

तटाचं मात्र नीट पाहा. काही ठिकाणी बेटाचा खडकच तासून भिंत केली आहे आणि त्याच्यावर मोठे मोठे दगड रचले आहेत, म्हणजे खालून भिंत कुठं संपते आणि खडक कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. पश्चिमेच्या बाजूला चोरदरवाजा आहे, तिथं उभं राहिलं की समोर फक्त समुद्र, आणि त्या बाजूला लाटांचा आवाज एकदम बदलते. आम्हाला दुसऱ्या खेपेत डॉल्फिन तिथूनच दिसले, नुसत्या काळ्या पाठी वर आल्या आणि गेल्या. बोटवाले डॉल्फिन दाखवतो म्हणून वेगळे पैसे सांगतात, दिसले त दिसले.

इतिहास पोरांना थोडक्यात सांगायचा असन त असा, आदिलशाहीकडून 1660 मध्ये महाराजांनी घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झालं, आणि 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं पेशव्यांशी हातमिळवणी करून कान्होजींच्या मुलाकडून, तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमारावर आपणच इंग्रज आणले, यावर आमच्याकडे पारावर दर वेळी भांडण होते. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले त्यात हा पण आहे. तेव्हा दगडावर नावं लिहू नका आणि कचरा पिशवीत वापस आणा, तिथं उचलायला कोणी येत नाही.

सासूबाईंचं. माझं ऐकाल त त्यांना बेटावर नेऊ नका. त्यांना जमणार नाही असं नाही, आमची आई बासष्टची होती आणि हट्टानं आली होती, पण हलत्या बोटीतून पाण्यात उतरणं आणि परत चढणं हे गुडघ्याचं काम आहे, चढताना त जास्तच. किनाऱ्यावरच कनकदुर्ग आहे, दीपगृहाजवळ, तिथून सुवर्णदुर्ग पूर्ण समोर दिसते. त्यांच्यासोबत एका जणाला ठेवा. तुम्ही वापस आलात की सगळे मिळून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. मनात असन आणि गुडघे ठीक असतील त मात्र पंचमीच्या ओहोटीला न्या, दोघांनी दोन बाजूनं धरा, आणि बोटवाल्याला आधीच सांगा की म्हातारं माणूस आहे, तो बोट वाळूला टेकवते.

यायचं-जायचं विचारलं नाही पण सांगतो, नागपूर-मडगाव स्पेशल चालू असन त ती वर्धा-पुलगावला थांबते, खेडला उतरायचं आणि तिथून एसटी नाही त गाडी करून दापोलीवरून हरणै. रोज नाही आणि स्पेशल असल्यामुळे वेळापत्रक बदलत राहते, तेव्हा तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर समोर ठेवा आणि गाडीचा वार पंचमीशी जुळते का ते पाहा. नाही जुळला त षष्ठी चालन, तेव्हा ओहोटी साडेदहाच्या आसपास येते, फक्त वापस निघायची घाई ठेवा. अष्टमी असली त ओहोटी बाराला, तेव्हा मी स्वतः जाणार नाही.

तारीख ठरली की इथं टाका, मी पाऊणकी करून देतो.