वॉर्म, गरम आणि घाम

प्रश्न असा आहे : 'वॉर्म'ला मराठीत गरम म्हणायचं की कोमट, आणि इंग्रजांनी हा शब्द आपल्या 'गरम'वरूनच उचलला का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पाणी असेल तर कोमट, पांघरूण असेल तर उबदार, हवा असेल तर उष्ण. पण कृपा करून कुणाचं 'उबदार स्वागत' करू नका. हल्ली हे सारखं कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. मराठीत स्वागत प्रेमानं होतं, जिव्हाळ्यानं होतं, फार तर हार्दिक होतं.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, मुळीच नाही. इंग्रज इकडे यायच्या कित्येक शतकं आधीपासून जुन्या इंग्रजीत 'वेआर्म' होता, जर्मनमध्ये 'वार्म' आहे. शिवाय ज्याच्यावर आपण मालकी सांगतो तो 'गरम' आपल्याकडे फारसीतून आलेला. संस्कृतातला शब्द 'घर्म'. घर्म म्हणजे उष्णता, आणि प्रवर्ग्य नावाच्या वैदिक यज्ञविधीत तापवून अर्पण करायचं दूधही. त्याचं प्राकृतात 'घम्म' झालं आणि मराठीत 'घाम'! 'गरम' हा घामाचा मुलगा नव्हे, इराणातून आलेला चुलतभाऊ. हिंदीत हाच घाम म्हणजे ऊन. त्यांनी कारणाला नाव दिलं, आपण परिणामाला.

आता या घर्माचा ग्रीक नातेवाईक 'थेर्मोस' पाहा, थर्मामीटरमधला. लॅटिनमध्ये 'फोर्मुस' म्हणजे उष्ण, त्याच कुळातला 'फोर्नाक्स' म्हणजे भट्टी. इंग्रजी 'फर्नेस' तिथूनच आला. आर्मेनियनमध्ये 'जेर्म'. घ, थ, फ, ज ही आद्याक्षरं वरवर एकमेकांची कुणी लागत नाहीत, पण या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या एकाच कंठ्य-ओष्ठ्य महाप्राण ध्वनीची (ओठ गोल करून उच्चारलेल्या 'घ्व'सारख्या) ती ठरावीक रूपं आहेत.

'वॉर्म' याच घरातला का, यावर वाद आहे. काही भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंत, तो ध्वनी शब्दारंभी 'व' होत नाही, 'ब' होतो. म्हणून 'वॉर्म'चं मूळ जळणं-उकळणं या अर्थाच्या वेगळ्या धातूत शोधा, जुन्या स्लाव्हिकमधल्या 'वारिति'जवळ. मला हे अजिबात पटत नाही. नियमाच्या हट्टापायी ही मंडळी शब्दाची शेपटी विसरतात. घर्म, थेर्मोस, फोर्मुस, जेर्म, वॉर्म : प्रत्येकात 'र'च्या मागे 'म' आहे आणि प्रत्येकाचा अर्थ तोच. 'वारिति'त तो 'म' कुठे आहे? आणि 'स्नो'च्या शेवटचा 'डब्ल्यू' तर याच मूळ ध्वनीतून आलेला आहे, हे त्यांनाही मान्य आहे. तो शब्दारंभी नाही एवढाच त्यांचा आक्षेप. एवढ्यासाठी एका शब्दाला त्याच्या सख्ख्या भावंडांतून उठवायचं, हे मला तरी मान्य नाही.