बुरशीवर बुरशीचा उतारा, पण दुप्पट डोस नको

प्रश्न : हरभऱ्यात मर (झाडं वाळून मरण्याचा रोग) दिसतेय. दुकानदार म्हणतो, 'बुरशीच्या प्रथिनाचं' नवं औषध आलंय. डोस दुप्पट करा आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात मिसळून आळवणी करा. बुरशी बुरशीला मारते कशी? हे करू का?

उत्तर : करू नका. आधी मान टाकलेलं एक झाड उपटून खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर फ्युजेरियम, म्हणजे मर आणणारी बुरशी, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरलीय. ते झाड आता दुप्पट डोसानेही उठत नाही आणि चौपटीनेही नाही.

मारण्याचं म्हणाल तर पेनिसिलियम क्रायसोजेनम, अ‍ॅस्परजिलस जायगँटियस यांसारख्या बुरशा 51 ते 55 अमिनो आम्लांची इवलीशी प्रथिनं बाहेर सोडतात. त्यांच्यावर धनभार असल्याने ती समोरच्या बुरशीच्या तंतूला चिकटतात. जायगँटियसचं प्रथिन काइटिन (बुरशीच्या भिंतीचा मुख्य घटक) तयार होऊ देत नाही, पेशीपटलही गळकं करतं. क्रायसोजेनमचं आत शिरून कॅल्शियमचा तोल बिघडवतं. तंतूची वाढ खुंटते. गंमत अशी की बाहेरच कॅल्शियम किंवा क्षार जास्त असले तर हीच प्रथिनं लुळी पडतात. मग प्रयोगशाळेच्या बशीतला असर चुनखडीच्या रानात मिळेल, हे दुकानदार कशाच्या जोरावर सांगतो? पाकिटावर नोंदणी क्रमांक, पिकाचं आणि रोगाचं नाव बघा. नसेल तर परत करा.

माझं ऐकाल तर ट्रायकोडर्मा धरा. ही बुरशी शत्रूच्या तंतूला वेढे घालते, काइटिन तोडणारं काइटिनेज सोडून त्याची भिंत विरघळवते आणि त्याच्यावरच जगते. पण तिला वेळ लागतो, म्हणून ती पेरणीआधीच हवी : किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम चोळा, सावलीत सुकवा, रायझोबियम (मुळांत नत्र बांधणारे जिवाणू) शेवटी. मुरलेल्या शेणखतात मिसळून ओल धरून ठेवलीत आणि मग रानात टाकलीत तर उत्तमच. कोरड्या मातीत, भर उन्हात टाकलीत तर वाया. यंदाच्या उभ्या पिकात मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा आणि पुढच्या हंगामात तिथे हरभरा नको.

कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मात मिसळू नका. ते बुरशीनाशक आहे, ट्रायकोडर्मालाही मारतं. पुन्हा सांगतो, मिसळू नका. 'दोन्ही मिळून जोर येतो' हे फक्त दोन पाकिटं खपवायचं बोलणं.

अनुदानाचं कृषी सहायकाला विचारा, यादी दरवर्षी बदलते. पाकीट घेताना मुदत बघा. उन्हात मांडलेलं असेल तर मुदतीतलं असलं तरी घेऊ नका, आतली बुरशी मेलेली असू शकते.