एन्क्रिप्शन ऑन होतं, तरी जर्मनीत आबमानुंग (कॉपीराइट भंगाबद्दल वकिलाची नोटीस) कशी आली?

'क्लायंटमध्ये एन्क्रिप्शन ऑन होतं, मग वकिलाकडे माझं नाव गेलंच कसं?' नोटिशीच्या पत्राचा फोटो टाकून तुम्ही विचारलेला हा प्रश्न वाचून जुनी जखम ठसठसली. टॉरेंट थोडक्यात सांगायचं तर, फाइल उतरवता उतरवता तिचे तुकडे इतरांनाही पाठवले जातात, आणि हे करणारं अॅप म्हणजे क्लायंट.

ते एन्क्रिप्शन इंटरनेट कंपनीला ट्रॅफिक सहज ओळखू येऊ नये एवढ्यापुरतंच. तुम्हाला पकडणारा वाटेत कान लावून बसलेला नसतो, तो त्याच स्वॉर्ममध्ये, म्हणजे ती फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या घोळक्यात, पीअर (त्यातलाच एक) म्हणून शिरलेला असतो. क्लायंटमधला 'पीअर्स' टॅब उघडून बघा: आयपी (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता), देश, क्लायंट, किती टक्के फाइल झाली, सगळं ओळीनं. तुम्हाला इतरांचं दिसतं तसंच त्यांना तुमचं. पकडणारा तुमचा आयपी, वेळ आणि हॅश (फाइलची डिजिटल ओळख) टिपतो, कॉपीराइट कायद्याच्या कलम 101 खाली कोर्टाचा आदेश घेतला जातो, आणि कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचा पत्ता कॉपीराइट मालकाच्या वकिलाच्या हाती पडतो. डाउनलोड कोणी केलं हे कंपनीला कुठून कळणार?

आमच्या फ्लॅटचं कनेक्शन माझ्या नावावर होतं, टॉरेंट फ्लॅटमेटचं. पत्र अर्थात मला. पण त्या पत्रापेक्षा महागात पडलं ते परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारं एक ऑफिस (नाव घेत नाही). तिथल्या बाईंनी पत्र उलटूनही पाहिलं नाही. 'सोबतच्या हमीपत्रावर सही करा, पैसे भरा, विषय संपला.' अहो, विषय तिथेच सुरू होतो! वकिलानं स्वतःच्या सोयीनं लिहिलेलं ते 'पुन्हा असं होणार नाही' छापाचं हमीपत्र सही केली की जन्मभराचं. पुन्हा तेच झालं तर वर दंडाचा करार. इकडे फ्लॅटमेटच्या लॅपटॉपवर विंडोज सुरू झालं की क्लायंट आपोआप सुरू. घड्याळाशेजारचं ते बारकं आयकॉन कोण बघतंय? फाइल सीड (इतरांना अपलोड) होत राहिली, दुसरं पत्र आलं. वाईट याचं वाटतं की सज्ञान फ्लॅटमेटना काही कारण नसताना आधीच ताकीद देण्याचं बंधन कनेक्शनधारकावर नाही, असा निकाल कार्ल्सरूहच्या केंद्रीय न्यायालयानं (बीजीएच) 2016 मध्ये दिला आहे. हे त्या ऑफिसला माहीत असायला नको?

मी वकील नाही, प्रत्येक केस वेगळी. तरी माझं मत: सही करू नका, पण मुदतही चुकवू नका. बदललेलं हमीपत्र देता येतं, मात्र ते नेटवरून उतरवून नव्हे, जाणकाराकडून लिहून घ्या. बऱ्याच विद्यापीठांत आस्टाकडे (विद्यार्थी प्रतिनिधींच्या समितीकडे) कायदेशीर सल्ला फुकट मिळतो. तिथे जा.

पुढच्यासाठी, आणि हे लिनक्सच्या आयएसओसारख्या (इन्स्टॉल करायच्या) कायदेशीर फाइलींबद्दलच बोलतोय: व्हीपीएन (खरा आयपी लपवणारी सेवा) नुसतं चालू ठेवून भागत नाही. मध्येच तुटलं की क्लायंट निमूटपणे खऱ्या आयपीवर येतो. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस व्हीपीएनचाच निवडा. ते तुटलं की टॉरेंटही थांबेल. आयपीव्ही6 (नव्या प्रकारचा आयपी) व्हीपीएनबाहेर गळतंय का तेही तपासा. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून टॉरेंट करू नका. ते यूडीपी (टॉरेंट वापरतं ती डेटा पाठवण्याची एक पद्धत) नेत नाही, आणि काही क्लायंट तुमचा खरा आयपी ट्रॅकरला (पीअर्सची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला) स्वतःच कळवतात. टॉरवाल्यांनी 2010 मध्येच हे सांगून ठेवलंय. 'आम्ही फक्त ऑनलाइन बघतो' म्हणत पॉपकॉर्न टाइमसारखी टॉरेंटवरून सिनेमा दाखवणारी अॅप वापरणारेही बघता बघता अपलोड करत असतात.

आणि हो, पोस्टमधला पत्राचा फोटो आधी काढा. वर उजवीकडे केस नंबर वाचता येतोय, खाली तुमच्या घराचा पत्ता.